जँगो टाकलं, तरी ‘सापडत नाही’ म्हणतंय? आधी ते कुठे शोधतंय ते बघा

“मावशी, जँगो टाकलं. पिप म्हणतंय झालं. पण चालवलं की जँगो नावाचं मॉड्यूलच नाही म्हणतंय. तीनदा टाकलं गं!”

रात्री साडेदहाला इचलकरंजीहून भाच्याचा फोन. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. घरच्या यंत्रमागांवर कुठला बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, कधी चढला, कधी उतरला याची नोंद ठेवणारी साइट त्याने प्रोजेक्टला घेतलीय. जँगो म्हणजे पायथन भाषेत अशा साइट बनवायचा तयार सांगाडा, आणि पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारा प्रोग्रॅम. विषय चांगला, पोरगा मेहनती, आणि पहिल्याच पायरीवर तीन तास गेलेले. शनिवारच्या वर्गातही दर नव्या तुकडीत ही तक्रार मी ऐकते, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आज्ञा मी फोनवर सांगते तशाच देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची, सगळी लहान लिपीत, जिथे मी वेगळं सांगेन ते सोडून. आणि जँगोचं स्पेलिंग आधी पक्कं करा: डी, जे, ए, एन, जी, ओ. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून हे नाव ठेवलंय आणि त्यातला डी उच्चारत नाहीत, त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्यांचा डी हमखास गळतो. पिपला चुकीचं नाव दिलंत तर ते तुम्हाला सुधारणार नाही. त्या नावाचं दुसऱ्या कुणाचं पॅकेज असेल तर तेच निमूट उतरवून घेईल, आणि नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून फसवी पॅकेजेस टाकणारे लोक खरोखर आहेत.

आता मुद्दा. टाकताना येणाऱ्या आणि नंतर साइटचं रूप बदलताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ मला एकच दिसलंय: तुम्ही वस्तू ठेवलीत एका जागी आणि संगणक शोधतोय दुसऱ्या जागी. वस्तू पुन्हा पुन्हा ठेवून उपयोग नसतो. तो कुठे शोधतोय हे त्यालाच विचारायचं. पायथन आणि जँगो दोघंही याचं उत्तर सरळ देतात.

दोन पायथन, एक पिप

भाच्याला मी दोनच आज्ञा द्यायला लावल्या. पहिली:

पिप --व्हर्जन

दुसरी:

पायथन --व्हर्जन

पहिलीच्या उत्तरात पिपचा क्रमांक, ते ज्या फोल्डरात बसलंय त्याचा पूर्ण पत्ता आणि शेवटी कंसात ते कुठल्या पायथनचं आहे ते येतं. त्याच्याकडे कंसात आलं 3.9. दुसरीचं उत्तर आलं 3.12. झालं, सापडलं. दुसऱ्या एका विषयासाठी कॉलेजने टाकायला सांगितलेलं सॉफ्टवेअर स्वतःचं पायथन 3.9 घेऊन आलं होतं, आणि नुसतं ‘पिप’ म्हटलं की त्याचं पिप धावत येत होतं. तिन्ही वेळा जँगो व्यवस्थित बसलं होतं. शेजारच्या घरात.

आणखी एक खूण त्याच्या डोळ्यांसमोर होती. तो 5 आवृत्तीची माहितीपुस्तिका समोर ठेवून काम करत होता आणि पिपच्या शेवटच्या ओळीत जँगो 4.2 बसल्याचं लिहिलं होतं. जँगो 5.0 ला किमान पायथन 3.10 लागतं. जुन्या पायथनसाठी टाकायला सांगितलं की पिप भांडत नाही, त्या पायथनला चालणारी शेवटची आवृत्ती शोधून टाकतं. त्यामुळे पुस्तिकेत एक आणि आपल्याकडे भलतंच असं दिसलं तर पुस्तिकेला दोष देण्याआधी पायथन किती जुनं आहे ते बघा. जँगो 5.2 ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली, तिलाही 3.10 किंवा त्यापुढचं पायथन हवं. डिसेंबर 2025 मध्ये आलेल्या 6.0 ला तर 3.12 च्या खालचं चालतच नाही.

म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहायची सवय सोडा. असं लिहा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल जँगो

‘-एम’ म्हणजे वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून एम. याचा अर्थ, जे पायथन मी चालवणार आहे त्याचंच पिप मला दे. या एका सवयीने वर्गातले अर्धे घोळ बंद झालेत. मॅक आणि लिनक्सवर पायथनच्या जागी पायथन3 लिहायचं.

विंडोजवर ‘पायथन’ लिहिल्यावर थेट स्टोअरची खिडकी उघडत असेल, तर पायथन पाथमध्ये, म्हणजे विंडोज आज्ञा जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, नाही. इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा आणि पुढे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे पाथमध्ये, घालण्याची चौकट येते, तिच्यावर खूण करा. तोपर्यंत ‘पाय’ ही आज्ञा, म्हणजे पी आणि वाय, चालते का बघा. ती बहुतेकदा चालते.

स्वतंत्र खोली

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटला मी वर्गात खोली म्हणते. प्रत्येक प्रोजेक्टची आपली खोली, तिच्यात त्याचं सामान. ही सोय पायथन 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून, पायथनबरोबरच येते, वेगळं काही उतरवावं लागत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन:

पायथन -एम व्हीएन्व्ह एन्व्ह

पहिला शब्द व्ही, ई, एन, व्ही. दुसरा फोल्डरचं नाव, ई, एन, व्ही. मग खोलीत शिरायचं. विंडोजवर ‘एन्व्ह’, उलटी तिरकी रेघ, ‘स्क्रिप्ट्स’, पुन्हा उलटी रेघ, ‘ॲक्टिव्हेट’. मॅक आणि लिनक्सवर ‘सोर्स’, जागा सोडून ‘एन्व्ह’, सरळ तिरकी रेघ, ‘बिन’, रेघ, ‘ॲक्टिव्हेट’. ओळीच्या सुरुवातीला कंसात एन्व्ह दिसलं की तुम्ही आत आहात. दिसलं नाही तर बाहेर आहात, मग स्क्रीनवर दुसरं काहीही आलेलं असो.

पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत इथे लाल अक्षरांत येतं की या संगणकावर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे. मुलं घाबरतात, आपण काही मोडलं असं त्यांना वाटतं. काहीही मोडलेलं नाही, ती विंडोजची काळजी आहे. सगळ्यात सोपी वाट म्हणजे पॉवरशेल बंद करून साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे हा नियम आडवा येत नाही. इंटरनेटवर ही बंदी सरसकट उठवणाऱ्या आज्ञा मिळतात, त्या आंधळेपणाने चिकटवू नका.

उबंटू 23.04 आणि डेबियन 12 पासून पुढे वेगळाच अनुभव येतो. खोलीबाहेर पिप चालवलं की ‘हे पायथन यंत्रणेच्या ताब्यात आहे’ असं सांगून ते नकार देतं. हा नकार योग्यच आहे, कारण त्या पायथनवर यंत्रणेची स्वतःची कामं चालतात. ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असं नाव असलेला पर्याय तोच संदेश सुचवतो, पण त्याचं नावच काय होऊ शकतं ते सांगतंय. खोली करा. खोली करतानाच अडलं तर पायथन3-व्हीएन्व्ह हे पॅकेज ॲप्टने टाका, तिथे ते वेगळं ठेवलेलं असतं.

खोली केली, जँगो आत टाकलं, साइट चालली. दुसऱ्या दिवशी संगणक उघडला आणि पुन्हा तेच, जँगो नाही! कारण नवी खिडकी उघडली की पुन्हा बाहेरूनच सुरुवात होते, दर वेळी ॲक्टिव्हेट करावं लागतं. मॅनेज.पाय ही फाइल चालवताना जँगो सापडलं नाही तर ती लांबलचक संदेशाच्या तळाशी स्वतःच विचारते, ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करायचं विसरलात का?’ जँगोच्या लोकांनी नवशिक्यांसाठी लिहून ठेवलेली ती ओळ आहे, आणि तीच कुणी वाचत नाही. एरर आला की सगळ्यात खालच्या ओळीपासून वाचायला लागा.

व्हीएस कोडमध्ये खाली टर्मिनलात सगळं चालतंय पण वर फाइलमध्ये जँगोखाली नागमोडी रेघ आहे, तर एडिटर दुसऱ्या पायथनकडे बघतोय. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकदम दाबून ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ शोधा आणि एन्व्हमधलं पायथन निवडा.

दोन गोष्टी क्वचित होतात, पण झाल्या की माणूस रडकुंडीला येतो. एक, सरावासाठी केलेल्या फाइलचंच नाव जँगो.पाय ठेवणं. पायथन चालत्या फाइलच्या फोल्डरात सगळ्यात आधी शोधतं, तुमची फाइल त्याला तिथेच सापडते आणि खऱ्या जँगोपर्यंत ते पोचतच नाही. संदेश येतो की जँगो हे पॅकेज नाही. फाइलचं नाव बदला. दुसरी, खोली केल्यावर प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव बदलणं, किंवा अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून मित्राला देणं. खोलीत जागोजागी मूळ पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो खोटा ठरतो. खोली हलवायची नसते, एन्व्ह फोल्डर खुशाल काढून टाकून नवं करायचं. म्हणून आधीच ‘पायथन -एम पिप फ्रीझ’ चालवून येणारी यादी रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये ठेवा. मित्राला यादी द्यायची, खोली नाही.

रूप बदललं, पण दिसत नाही

दहा दिवसांनी पुन्हा फोन. आता आवाजात उत्साह होता. साइट चालली होती, बिमांच्या नोंदी होत होत्या, आणि त्याला पासवर्ड विसरल्यावरचं पान मराठीत, स्वतःच्या रंगात हवं होतं. “मावशी, पान केलंय, नाव पण बरोबर दिलंय, पण उघडलं की ॲडमिनचं, जँगोबरोबर तयार येणाऱ्या व्यवस्थापनाच्या भागाचं, निळं पानच येतंय. एरर पण नाही काही.”

एरर नसलेली अडचण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे संगणकाच्या मते सगळं बरोबर चाललेलं असतं.

जँगो टेम्प्लेट, म्हणजे पानाचा एचटीएमएल साचा, कसं शोधतं ते बघा. सेटिंग्ज.पाय मध्ये (तिथली नावं सगळी मोठ्या लिपीत असतात) टेम्प्लेट्सखाली डिर्स नावाची यादी असते. जँगो आधी त्या फोल्डरांत क्रमाने बघतं. तिथे नाही मिळालं आणि ॲप_डिर्स खरं असेल, तर इन्स्टॉल्ड_ॲप्सच्या यादीतल्या एकेका ॲपच्या, म्हणजे साइटच्या एकेका भागाच्या, टेम्प्लेट्स फोल्डरात, वरून खाली, बघत जातं. पहिलं सापडलं की थांबतं, पुढे जाऊन आणखी चांगलं आहे का हे ते बघत नाही.

आता नव्या प्रोजेक्टमध्ये डिर्स रिकामी असते. इन्स्टॉल्ड_ॲप्समध्ये सगळ्यात वर जँगोचं ॲडमिन असतं. आपण आपलं ॲप कुठे जोडतो? सगळेच शेवटी जोडतात, भाच्यानेही ‘बीम’ शेवटीच जोडलं होतं. पासवर्ड विसरल्याच्या पानाचं ठरलेलं नाव रजिस्ट्रेशन फोल्डरातलं पासवर्ड_रिसेट_फॉर्म.एचटीएमएल, आणि नेमक्या त्याच नावाचं पान ॲडमिनकडेही आहे. ॲडमिन वर, बीम खाली. जँगोला ॲडमिनचं पान आधी मिळालं आणि ते थांबलं. त्याचं पान शंभर टक्के बरोबर होतं, रांगेत मागे उभं होतं इतकंच.

खात्री करायला ‘पायथन मॅनेज.पाय शेल’ उघडून हे दोन ओळींत विचारता येतं:

फ्रॉम जँगो.टेम्प्लेट.लोडर इम्पोर्ट गेट_टेम्प्लेट
प्रिंट(गेट_टेम्प्लेट('रजिस्ट्रेशन/पासवर्ड_रिसेट_फॉर्म.एचटीएमएल').ओरिजिन)

उत्तरात फाइलचा पूर्ण पत्ता येतो. त्याच्याकडे पत्त्यात साइट-पॅकेजेस, जँगो, कॉन्ट्रिब, ॲडमिन हे शब्द आले, मग काही बोलायचं उरलंच नाही. त्याने बीमची ओळ उचलून ॲडमिनच्या वर ठेवली आणि त्याचं पान आलं.

मला स्वतःला दुसरा उपाय जास्त आवडतो. प्रोजेक्टच्या मुळाशी, मॅनेज.पाय असते त्याच पातळीवर, टेम्प्लेट्स नावाचं फोल्डर करायचं आणि डिर्समध्ये ‘बेस_डिर / टेम्प्लेट्स’ लिहायचं. बेस_डिर सगळं मोठ्या लिपीत, टेम्प्लेट्स अवतरणात. हे फोल्डर सगळ्यांच्या आधी बघितलं जातं, त्यामुळे दुसऱ्यांची पानं बदलायची असतील ती सगळी एकाच जागी दिसतात. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडलात तरी काय बदललंय ते शोधावं लागत नाही.

टेम्प्लेट मुळीच सापडलं नाही तर मात्र एरर येतो, ‘टेम्प्लेटडझनॉटएक्झिस्ट’. त्या पिवळ्या पानावर थोडं खाली टेम्प्लेट-लोडर पोस्टमॉर्टेम असा भाग असतो. जँगोने कुठे कुठे, कुठल्या क्रमाने शोधलं ते सगळे पत्ते तिथे एकाखाली एक लिहिलेले असतात आणि प्रत्येकापुढे ‘सोर्स डझ नॉट एक्झिस्ट’ असा शेरा. तुमची फाइल ठेवलेल्या फोल्डरचा पत्ता त्या यादीत आहे का, एवढंच बघा. पत्ताच नसेल तर सेटिंग्जमध्ये चूक आहे. पत्ता असेल तर फाइलच्या नावात. विंडोजवर ही नावातली चूक डोळ्यांना दिसतही नाही. नोटपॅडने शेवटी गुपचूप टीएक्सटी जोडलेलं असतं आणि एक्सप्लोरर फाइलचं शेपूट लपवतो. व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं करा, आयुष्यभर उपयोगी पडेल.

आणि हे झालं तरी येत नसेल तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. हे अंधारात मारलेलं तीर नाही. ॲपमध्ये टेम्प्लेट्स किंवा स्टॅटिक हे फोल्डर नव्याने केलं असेल तर जँगोला ते कळत नाही, कारण कुठल्या ॲपकडे असं फोल्डर आहे याची यादी ते एकदाच करून डोक्यात ठेवतं.

स्टाइलच्या फाइलचंही हेच गणित. सीएसएस बदललं, रंग बदलला नाही, तर:

पायथन मॅनेज.पाय फाइंडस्टॅटिक बीम/स्टाइल.सीएसएस --व्हर्बोसिटी 2

ही आज्ञा फाइल कुठे मिळाली ते सांगतेच, वर कुठल्या फोल्डरांत शोधलं तेही सांगते. पत्ता बरोबर असेल तर दोष ब्राउझरचा, त्याने जुनी प्रत जपून ठेवलीय. कंट्रोल आणि एफ5 एकदम दाबा. पत्ता बरोबर आणि ब्राउझरही ताजा, तरी सगळी साइट उघडीबोडकी दिसतेय, तर डीबग फॉल्स केलंय का बघा. तसं केल्यावर रनसर्व्हर स्टॅटिक फाइल्स देणं थांबवतं. शिकत असताना स्वतःच्या संगणकावर डीबग ट्रूच ठेवा, साइट लोकांसमोर नेताना मात्र फॉल्स केल्याशिवाय नेऊ नका.

एक विनंती मनापासून. पत्ता शोधता शोधता साइट-पॅकेजेसमधली जँगोची मूळ फाइल सापडते आणि तिच्यातच बदल करायचा मोह होतो. करू नका. लगेच दिसतं म्हणून बरं वाटतं, पण जँगोची नवी आवृत्ती टाकली की बदल गेला, आणि मित्राला यादी दिलीत तर त्याच्याकडे तो कधी पोचणारच नाही. मूळ फाइलची प्रत आपल्या टेम्प्लेट्समध्ये, त्याच उपफोल्डराच्या नावाने आणा आणि ती बदला. ॲडमिनच्या माथ्यावरचं नाव बदलण्यासाठी तर प्रत आणायचीही गरज नाही, यूआरएल्स.पाय मध्ये एक ओळ पुरते: ॲडमिन.साइट.साइट_हेडर, मग बरोबरचं चिन्ह (=), मग अवतरणात तुमचं नाव. मराठीत लिहिलंत तरी चालतं.

भाषा आणि वेळ. लँग्वेज_कोड मध्ये ‘एमआर’ ठेवलंत की जँगोबरोबर येणारे मराठी अनुवाद वापरले जातात. टाइम_झोन मध्ये ‘एशिया/कोलकाता’, त्यातला ए आणि के मोठ्या लिपीत. ते मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असतं, म्हणून रात्री साडेदहाला उतरवलेला बीम पानावर संध्याकाळी पाचला उतरलेला दिसतो. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरीकडे कुठे शोधू नका. झोन बदलल्यावरही डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच राहते, ती चूक नाही.

शेवटची गोष्ट आधी करायची

एक बदल असा आहे की तो नंतर करायला गेलं तर महागात पडतो: युजर मॉडेल, म्हणजे साइट वापरणाऱ्याची कोणती माहिती ठेवायची याचा आराखडा. लॉगिनला युजरनेमऐवजी मोबाइल नंबर किंवा ईमेल हवा असेल, किंवा उद्या लागेल असं नुसतं वाटत असेल, तर पहिलं मायग्रेट, म्हणजे असे आराखडे डेटाबेसमध्ये उतरवणारी आज्ञा, चालवण्याआधी स्वतःचं युजर मॉडेल करा. ॲबस्ट्रॅक्टयुजर वरून एक रिकामा क्लास आणि सेटिंग्जमध्ये ऑथ_युजर_मॉडेल ची एक ओळ, सध्या एवढं बस. नव्या प्रोजेक्टसाठी ही वाट जँगोच्या अधिकृत माहितीतही दिलेली आहे.

अडचण अशी की रनसर्व्हर चालवल्याबरोबर ‘18 मायग्रेशन्स बाकी आहेत’ असा लाल इशारा येतो आणि मुलं तो घालवायला लगेच मायग्रेट करतात. इशारा थांबू शकतो, साइट तेवढ्यात मोडत नाही. मायग्रेट झाल्यावर युजर मॉडेल बदललं तर जँगो म्हणतं, ॲडमिनचं पहिलं मायग्रेशन ज्यावर उभं आहे ते तुमचं मायग्रेशन अजून झालेलंच नाही. इनकन्सिस्टंटमायग्रेशनहिस्टरी असा तो भलामोठा शब्द. पुन्हा क्रमाचाच प्रश्न, या वेळी काळाच्या क्रमाचा.

भाच्याचं हेच झालं होतं. त्याच्या डेटाबेसमध्ये सरावाच्या चारच नोंदी होत्या, म्हणून आम्ही डीबी.एसक्यूलाइट3 ही फाइल आणि बीमच्या मायग्रेशन्समधल्या क्रमांकाच्या फाइल्स काढल्या, __इनिट__.पाय तेवढी ठेवली, आणि मेकमायग्रेशन्स, मग मायग्रेट केलं. पाच मिनिटांचं काम. खऱ्या नोंदी असतील तर हे मुळीच करू नका. आधी डेटाबेसची प्रत काढा आणि अनुभवी माणसाला शेजारी बसवा. नोंदी यायच्या आधीच हे करून ठेवा म्हणून तर हा भाग इतका लांबवला.